मुंबईहून भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की मुंबईतल्या पक्षीवेड्यांमध्ये राजस्थानातल्या भरतपूरची चर्चा सुरू होते. कधी जायचं, किती दिवस काढायचे, आईबाबांना झेपेल का, सायबेरियन क्रौंच दिसेल का. दरवर्षी तेच विचारलं जातं, म्हणून उत्तरं एका जागी लिहीत आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. भरतपूरला जाताना तारखेआधी पाण्याची चौकशी करायची. त्याचं कारण पहिल्याच उत्तरात आहे.

तिथले तलाव नैसर्गिक आहेत का? पाणी येतं कुठून?

जमीन मुळातली खोलगट आहे, पण तलाव माणसाने घडवलेले आणि राखलेले आहेत. भरतपूर निमशुष्क पट्ट्यात येतं. वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही साधारण ३६ दिवसांत उरकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे त्यांचा जवळजवळ दीड वर्षाचा पाऊस आपण एका दिवसात अंगावर घेतला.

एवढ्याशा पावसावर तलाव भरत नाहीत. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी पूर्वी या सखल भागात पसरायचं. अठराव्या शतकात भरतपूरचे जाट राजे महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला. तेव्हापासून पाणी आधी त्या बांधात येतं आणि तिथून कालव्याने उद्यानात सोडलं जातं. आत मातीचे बंधारे घालून पाणथळीचे वेगवेगळे ब्लॉक पाडले आहेत. दरवाजे उघडून किंवा बंद करून पाणी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जातं. खोली बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटरच्या आत. उन्हाळ्यापर्यंत बराचसा भाग आटतो, चिखलाला भेगा पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरणी होते. हे भरणं-आटणं चालू राहिलं तरच इथली पाणथळ निरोगी राहते.

खरी अडचण नदीची आहे. गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं. या शतकाच्या पहिल्या दशकात पावसानेही ओढ दिली आणि धरणातून उद्यानासाठी पाणी सोडायला तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांचीही शेतं तहानलेलीच होती. त्या वर्षांत उद्यान अक्षरशः कोरडं पडलं आणि पक्ष्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर गोवर्धन ड्रेन या पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यातून पाइपलाइनने आणि चंबळच्या योजनेतून पाणी आणायची सोय झाली. उद्यानाची वर्षाची गरज सुमारे ५५० दशलक्ष घनफूट सांगितली जाते. लिटरमध्ये मांडलं तर अंदाजे दीड हजार कोटी, म्हणजे मुंबई महापालिका सुमारे चार दिवसांत शहराला पुरवते तेवढं पाणी. एका जागतिक वारसास्थळाचं सगळं वर्ष तेवढ्या पाण्यावर उभं असतं.

शिवाय कुठलंही पाणी चालतं असं नाही. नदीच्या पुराबरोबर माशांची पिल्लं, कीटक, वनस्पतींचं बी असं सगळं वाहत येतं. बोअरवेलच्या पाण्याने तळं भरलेलं दिसेल, पण करकोच्यांच्या पिल्लांना लागणारे मासे त्यातून येत नाहीत.

मग पाणी आहे की नाही हे इथे बसून कसं कळणार?

दोन मार्ग. एक, तिथल्या गाइडला किंवा गेटजवळच्या गेस्ट हाउसला फोन करा. विचारताना "पाणी आहे का?" असं विचारू नका, "हो" असंच उत्तर येईल. "कुठल्या ब्लॉकमध्ये पाणी आहे? करकोच्यांनी घरटी घातली का?" असं विचारा. दुसरा मार्ग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटचा. त्यावर केवलादेवच्या ताज्या याद्या बघा. रंगीत करकोचे, उघड्या चोचीचे करकोचे आणि पाणकावळे शेकड्यांनी नोंदलेले असतील तर निर्धास्तपणे तिकीट काढा. पितृपक्षाच्या सुमारास ही चौकशी केली तर चित्र बरंच स्पष्ट झालेलं असतं.

कुठल्या महिन्यात जावं?

बहुतेक जण नाताळच्या सुट्टीत जातात. माझ्या मते तो सगळ्यात गैरसोयीचा काळ आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा तिथे दाट धुकं असतं. सकाळी दहा-अकरापर्यंत समोरचं झाड दिसत नाही, आणि पक्षी बघायची वेळ नेमकी तीच. गर्दी असते ती वेगळीच.

घरटी बघायची असतील तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस बरा झाला की पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर रंगीत करकोचे, बगळे, पाणकावळे, तिरंदाज, चमचे अशी सगळी मंडळी एकत्र वसाहत करतात. एकेका झाडावर कितीतरी घरटी. ऑक्टोबरचं ऊन चढलं की रंगीत करकोच्याच्या जोडीतला एक जण घरट्यावर पंख अर्धवट पसरून उन्हाकडे पाठ करून उभा राहतो आणि पिल्लं त्याच्या सावलीत चोची उघड्या टाकून बसतात. तेवढ्यात दुसरा येतो, मान खाली घालून घरट्यातच मासे ओकतो आणि पिल्लांचा गलका उडतो. हे सगळं रस्त्यावर उभं राहून, साध्या दुर्बिणीतून दिसतं. मला विचाराल तर भरतपूरचा सर्वोत्तम काळ हाच.

परदेशी पाहुणे, म्हणजे बदकं आणि हंस, बघायचे असतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीत धुकं विरळ होतं, थंडी सोसण्याइतकी असते आणि तलवार बदक, थापट्या, चक्रांग, पट्टकादंब अजून मुक्कामाला असतात. मार्चच्या मध्यापासून परतीचा प्रवास सुरू होतो. एप्रिल ते जून पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. उद्यान तेव्हाही उघडं असतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या वेळी जाऊ नये.

मुंबईहून जायचं कसं?

ट्रेनने. भरतपूर जंक्शन मुंबई-दिल्ली मार्गावर कोटा आणि मथुरा यांच्या मध्ये आहे. मुंबई सेंट्रलहून सुटणारी गोल्डन टेंपल मेल आणि वांद्रे टर्मिनसहून सुटणारी पश्चिम एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या तिथे थांबतात. दिवाळीच्या आसपासचं आरक्षण लवकर भरतं, तेव्हा बुकिंग उघडताच काढून ठेवा.

परतीची एक गोष्ट लक्षात असू द्या. या दोन्ही गाड्या अमृतसरहून येतात आणि हिवाळ्यात पंजाब-हरियाणाच्या धुक्यात तासन्‌तास रखडतात. ज्या सकाळी मुंबईत उतरणार त्याच दिवशी ऑफिस गाठायचा बेत करू नका. विमानाने जायचं तर जयपूर किंवा दिल्ली, आणि पुढे रस्त्याने. आग्रा मात्र अगदी जवळ, साधारण ५५ किलोमीटरवर आहे.

किती दिवस लागतात?

दोन पूर्ण दिवस, म्हणजे दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. आग्रा-जयपूर सहलीत मध्ये तीन तास भरतपूर कोंबणाऱ्यांची मला हळहळ वाटते. ते भर दुपारी पोचतात, तेव्हा पक्षी झाडात दडलेले असतात आणि पर्यटक रस्त्यावर. उद्यान आकाराने लहान आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. पण इथे अंतर कापायचं नसतं, एका जागी थांबून बघायचं असतं.

आत जिप्सी मिळते का?

नाही, आणि भरतपूरचं निम्मं सुख त्यातच आहे. पायी चाला, गेटवर भाड्याची सायकल घ्या किंवा सायकलरिक्षा करा. ई-रिक्षाही आहेत. मुख्य गेटपासून केवलादेव मंदिरापर्यंतचा रस्ता सरळ, सपाट आणि सावलीचा आहे. पहिल्या सकाळी रिक्षा घ्या, कारण वनखात्याने प्रशिक्षण दिलेल्या इथल्या रिक्षावाल्यांची नजर आणि पक्ष्यांची माहिती दोन्ही चांगल्या चांगल्यांना मागे टाकते. बाभळीच्या ढोलीतला पिंगळा, पालापाचोळ्यावर बसलेला रातवा, काटेरी झुडपात दडलेलं घुबड, हे ते पेडल मारता मारता दाखवतात. दुसऱ्या सकाळी सायकल घ्या आणि बंधाऱ्यांवरच्या कच्च्या वाटांनी एकटे फिरा. सायकलचे ब्रेक आणि हवा मात्र भाडं देण्याआधी तपासा.

गाइड घ्यावाच लागतो का?

सक्ती नाही. पक्षी ओळखता येत असतील तर रिक्षावाला पुरेसा आहे. घरातले सगळे नवखे असतील तर मात्र गेटवरचा अधिकृत गाइड घ्या. त्यांच्याकडे बहुधा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकडोळी दुर्बीण, असतो आणि मुलांना त्यातून बदकाच्या डोळ्याचा रंग बघायला मिळाला की ती पुढे कंटाळत नाहीत.

कोणते पक्षी हमखास दिसतात?

उद्यानात साडेतीनशेहून जास्त जातींची नोंद आहे. पाणी असेल तर राखी बगळा, जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी, खंड्या, अडई, हळदी-कुंकू बदक आणि पाणकावळे यांना शोधावंच लागत नाही. तिरंदाजाकडे थोडा वेळ द्या. फक्त मान पाण्याबाहेर ठेवून तो पोहत असतो, बुडतो, वर येतो तो चोचीत भोसकलेला मासा घेऊन. मग झटक्याने मासा हवेत उडवतो आणि डोक्याच्या बाजूने गिळतो. नंतर फांदीवर पंख पसरून वाळत बसतो.

सारसाची जोडी बघण्यासाठी मात्र सकाळी लवकर निघा. माणसाच्या उंचीचा हा पक्षी आपल्या महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याकडे थोडासाच उरला आहे. भरतपूरला पाणथळीच्या कडेला त्यांची हाक ऐकू येते तेव्हा आधी नराचा लांब स्वर आणि त्यावर मादीचे तोडलेले सूर, दोघांची मान आकाशाकडे. काळ्या मानेचा करकोचा नशिबाने दिसतो. शिकारी पक्ष्यांत दलदली भोवत्या आणि ठिपकेवाले गरुड हिवाळ्यात असतात. बदकांचा थवा एकदम उठला की आधी वर बघा.

सायबेरियन क्रौंच दिसेल का?

नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला एकही आला नाही. पश्चिम सायबेरियात वाढणारा हा थवा अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून भारतात उतरायचा. साठच्या दशकात इथे त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. वाटेवरची शिकार, तिथली युद्धं, आटलेली पाणथळ, अशा अनेक माऱ्यांत थवा घटत घटत शेवटी एका जोडीवर आला आणि संपला. आता जगातले जवळपास सगळे सायबेरियन क्रौंच चीनमध्ये पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात. कुणी "परवाच दिसला" म्हणून जास्त पैसे मागितले तर तो बहुधा सारस नाहीतर मोठा बगळा असतो.

मंदिराजवळचा तो दगडी फलक कसला आहे?

संस्थानी काळातल्या शिकारींचा हिशेब. तारीख, पाहुणे, बंदुका, मारलेले पक्षी, अशा ओळी कोरल्या आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ च्या ओळीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात मारलेल्या पक्ष्यांचा आकडा आहे ४,२७३. आधी तळ्यावर जा आणि मग हा फलक वाचा. समोर बसलेली बदकं मोजायला लागलात की चार हजार म्हणजे किती हे उमगतं.

स्वातंत्र्यानंतरही संस्थानिकांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकला. १९७६ ला अभयारण्य, १९८१ ला रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), १९८२ ला राष्ट्रीय उद्यान, १९८५ ला जागतिक वारसा, असा पुढचा प्रवास. त्यामागे आपल्या मुंबईच्या डॉ. सालिम अली यांची फार मोठी खटपट आहे. फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमधून चालणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे हजारो पक्ष्यांच्या पायांत ओळखीची क्रमांकित वाळी घातली आणि त्यातली काही बदकं पुढे सोव्हिएत भूमीवर सापडली. ती कुठून कुठे जातात हे अशा वाळ्यांवरून कळत गेलं. गेटजवळचं माहितीकेंद्रही सालिम अलींच्या नावाने आहे. तिथे अर्धा तास द्या.

गावकऱ्यांची गुरं उद्यानात का येत नाहीत?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांच्या म्हशी इथे चरत होत्या. १९८२ मध्ये चराई एकदम बंद केली. विरोध झाला, पोलिसांच्या गोळीबारात गावकरी मेले. म्हशी गेल्या की पक्षी वाढतील असा हिशेब होता. घडलं उलटं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इथला दहा वर्षांचा अभ्यास तेव्हा चालूच होता. त्यातून दिसलं की म्हशी नाहीत म्हटल्यावर पॅस्पॅलम नावाचं पाणगवत बेफाम माजलं, मोकळं पाणी झाकलं गेलं, आणि मासे व बदकं दोघांचीही जागा आक्रसली. ज्या म्हशींना शत्रू ठरवलं त्याच तळी मोकळी ठेवत होत्या.

नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा मिळाली, कोरड्या भागात पसरलेली विलायती बाभूळ काढायच्या कामातही त्यांना घेतलं गेलं. रस्त्याच्या कडेला गवताचे भारे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांना वाट द्या. हे तळं त्यांच्याही श्रमांवर टिकून आहे.

वाघ, बिबटे, साप? लहान मुलांना नेणं सुरक्षित आहे ना?

रणथंबोरहून भरकटलेला एखादा वाघ पूर्वी इथे येऊन राहिला आहे, पण एरवी इथे वाघ नाहीत. नीलगाय, सांबर, चितळ, कोल्हे नेहमी दिसतात. अजगर हे इथलं मोठं आकर्षण. हिवाळ्यात ऊन आलं की ते साळिंदराच्या जुन्या बिळांच्या तोंडाशी अंग शेकत पडतात. लोक फोटोसाठी घेराव घालतात, अजगर आत जातो आणि त्याचं शेकायचं राहतं. थंड रक्ताच्या प्राण्याला ते ऊन जेवणाइतकंच लागतं. लांबून बघा. मुलांना घेऊन जायला माझ्या माहितीत याहून सोपं राष्ट्रीय उद्यान नाही, फक्त पाण्याच्या कडेला हात धरा. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी सायकलरिक्षा आहेच.

सोबत काय न्यावं?

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण. घरात एकच असेल तर आणखी एक उसनी घ्या, एका दुर्बिणीवर चौघांची भांडणं होतात. डिसेंबर-जानेवारीत मुंबईचा स्वेटर अजिबात पुरत नाही. कानटोपी, हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच, कारण उघड्या रिक्षात पहाटे हात बधिर होतात. पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा, माकडांपासून जपा, कचरा परत आणा. भडक कपडे नकोत. ओळखपत्र लागतं.

फोटो काढताना काही नियम?

घरट्यांसाठी वाटेखाली उतरू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नको. स्वतःच्या हद्दीत घुसखोर आला असं वाटून तो घरटं सोडून धावतो आणि पिल्लं उघडी पडतात.

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो दिसतात, मग एवढ्या लांब कशाला?

ठाणे खाडी सोडून जा असं मी कधीच म्हणणार नाही. २०१५ पासून ते अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ. पण ती खाऱ्या पाण्याची, भरती-ओहोटीवर चालणारी दुनिया आहे. पक्षी चिखलात लांब असतात आणि आपण बोटीत. भरतपूर गोड्या पाण्याचं, आणि तिथे घरटं वीस-पंचवीस पावलांवर असतं. दोन्हीच्या मधलं काही हवं असेल तर नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरीवरचं हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० मधलं. त्याला "महाराष्ट्राचं भरतपूर" म्हणतात ते उगाच नाही. मुलांना पक्ष्यांची आवड आहे की नाही हे तिथे एका शनिवार-रविवारी कळतं. मग राजस्थानचं आरक्षण करा.

अर्धा दिवस उरला तर आणखी काय बघावं?

फत्तेपूर सिक्री जवळ आहे, पण मराठी माणसाने मी म्हणेन डीग-कुम्हेरची वाट धरावी. कुम्हेरच्या वेढ्यात १७५४ मध्ये अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर पडले. त्यांची छत्री त्या परिसरात आहे. ज्या सूरजमलांशी तेव्हा मराठे लढत होते, त्यांनीच १७६१ मध्ये पानिपतातून विस्कटून आलेल्या मराठ्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला. भरतपूर शहरातल्या लोहगडात १८०५ साली यशवंतराव होळकरांना आश्रय मिळाला होता आणि इंग्रज सेनापती लॉर्ड लेकला वारंवार हल्ले करूनही तो किल्ला घेता आला नाही. डीगचे जलमहाल आणि तिथली कारंजी ही पाणी खेळवण्याच्या त्याच जाट परंपरेतली. सकाळचा फेरा आटोपून नाश्ता करून निघालात तर डीग आणि कुम्हेर बघून संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर वेळेत पोचता येतं. खाजगी गाडी गेस्ट हाउसमधूनच ठरवा आणि दोन्ही ठिकाणं आधीच सांगून भाडं पक्कं करा.